तिगावच्या बबलीचे जुलाब

आमच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: वरून का खालून?

म्हणजे जनावर ओकतंय, की त्याला जुलाब लागलेत. कामाला लागले तेव्हा हे मला विचारवत नव्हतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मोठ्या माणसांशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली जातो. मी विचारायची, "काय त्रास आहे?" मग माणसं कुत्र्याच्या जन्मापासून सुरुवात करायची आणि आजारापर्यंत यायच्या आत मागे रांग लागायची. शेवटी दुकानाचे मालक मनोहरभाऊ म्हणाले, "बाई, तू अशी लाजून राहिली तर बकरी इथंच मरून जाईन. सरळ विचार, वरून का खालून."

दुकान पांढुर्ण्यात आहे, जनावरांच्या औषधांचं. भिंतीपलीकडे डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहितात, भाऊ औषध काढतात, आणि ते कसं द्यायचं हे समजावून सांगणं माझं काम. मी सावरगावची. कॉलेज सुटलं की जाम नदीचा पूल ओलांडून घरी जायच्या आधी दुकानात थांबते. आई-बाबा मजुरीला जातात, हंगामात संत्र्याच्या तोडणीला. मी "औषधाच्या दुकानात" आहे हे आई सगळ्यांना सांगते. कोणाच्या औषधाच्या, ते सांगत नाही.

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी कामाचा अनुभव लिहायला सांगितला, तेव्हा मी म्हटलं की माझा अनुभव लिहिण्यासारखा नाही, तो सगळा पोटाचा आहे. सर म्हणाले, तोच लिही. म्हणून लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी जेवण आधी उरकून घ्यावं.

कारण आमच्या धंद्यात रंग सांगावा लागतो. जनावर बोलत नाही, तेव्हा त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेर आलेल्या वस्तूवरून ओळखायचं. लाल दिसलं तर ताबडतोब डॉक्टर, डांबरासारखं काळं दिसलं तरीही डॉक्टर. आणि माणसं रंग सांगतात तो खाण्याच्या पदार्थांवरून. "पातळ वरणासारखं हाय." "आमरस पाह्यला का, तसंच." दुकानात डबा खाताना मी आता वरण आणत नाही. काहीजण सांगत बसत नाहीत, मोबाइलमधला फोटोच पुढे करतात आणि बोटाने मोठा करून दाखवतात.

दुसरी गोष्ट वजनाची. गोळी वजनावर ठरते. मांजर काट्यावर बसत नाही, म्हणून आधी मालकाला मांजरीसकट उभं करायचं, मग मांजरीशिवाय, आणि वजाबाकी करायची. एका बाईंनी आधी भाऊंना दुकानाबाहेर पाठवलं, मग मला मोठ्याने वाचायची मनाई केली, आणि मग त्या काट्यावर चढल्या. मांजरीला सगळं ऐकू गेलं तरी त्यांची हरकत नव्हती.

बकरी आली तर आम्ही तिची डावी कूस पाहतो. पोट फुगलं की ती बाजू ढोलकीसारखी वाजते. लग्नसराईत असल्या बकऱ्या जास्त येतात, कारण उरलेला भात फेकवत नाही आणि बकरी नको म्हणत नाही.

सगळंच हसण्यासारखं नसतं. एका मुलीने मांजराच्या पिलाला ताप आला म्हणून घरातली माणसाची तापाची गोळी दिली होती, चतकोर, अगदी काळजीने कापून. ती गोळी मांजराला विषच. पिलू आणलं तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून कोणी नुसतं "एक गोळी द्या" म्हटलं की मी आणखी तीन गोष्टी सांगते. ऐकणारे कंटाळतात. कंटाळू देत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

तिगावला स्टेशनजवळ एक काकाजी राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले. काकू वारल्या, मुलगा सुधीरभाऊ नागपुरात नोकरीला. घरात काकाजी आणि बबली. बबली म्हणजे कुत्री, गावठी, तांबडी, एक कान उभा आणि एक पडलेला. पिलू असताना कोणीतरी तिला प्लॅटफॉर्मवर सोडून गेलं होतं, ती काकाजींच्या मागे घरी आली आणि राहिली.

बबलीला जुलाब होते. थांबायचे, परत लागायचे. एरवी ती ठणठणीत, खायची, पळायची, पोस्टमनवर भुंकायची. पण घरात कुठेही, कधीही. सुधीरभाऊ आधी काही बोलले नाहीत. पण त्यांना मुलगी झाली, ती रांगायला लागली, आणि दिवाळीला सून नातीला घेऊन तिगावला राहायला येणार असं ठरलं. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "बाबूजी, लेकरू त्याच जमिनीवर रांगते. दिवाळीच्या आधी बबली बरी झाली तर ठीक, नाही तर सौसरकडे माझ्या मित्राचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथं नेऊन बांधतो. राखणीला कामी येईन."

यात त्यांचं काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण काकाजी हे सांगताना काउंटरवरच्या काचेला हात टेकून उभे होते. "आयुष्यात बांधली नाई तिला," ते म्हणाले. "आणि तो म्हणते, बांधतो."

डॉक्टरसाहेबांनी मनापासून उपाय केले. जंताची गोळी दिली. मग नमुना मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, जंत नव्हते. मग जुलाबाच्या गोळ्या, पोटातले चांगले जिवाणू वाढवायची पावडर, तेलकट बंद, हाडं बंद, दूध बंद. एवढ्यात दुसरं कुठलंही कुत्रं बरं झालं असतं. बबलीचं एखादा दिवस थांबायचं, आणि गोळ्या सुरू असतानाच परत लागायचं.

काकाजी मारुतीचे भक्त. दर शनिवारी सकाळच्या गाडीने जामसांवलीला जायचे आणि परतताना आमच्या दुकानात उतरायचे. आल्याबरोबर पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढायचे, भाऊंना एक, मला एक. आम्ही बौद्ध, आमच्या घरी देवाचं काही नसतं, प्रसादाचंही नाही. पण पेढ्याला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि काकाजी द्यायचेही असे की घ्यावासा वाटायचा. मग ते बोलत उभे राहायचे. बबलीने काय केलं, कोणती मालगाडी किती उशिरा गेली, नात फोनवर कशी हसली. मी खूप ऐकायची.

मग मी औषध त्यांच्या हातात ठेवायची, आणि काकाजी गप्प व्हायचे.

एकदम गप्प. आमची पद्धत अशी की औषध हातात दिल्यावर त्यावर बोट ठेवून समजावून सांगायचं. मी म्हणायची, "ही सकाळी, ही संध्याकाळी. कशात देता? भातात देता ना?" काकाजी मान हलवायचे. "दूध नाही ना दिलं?" मान हलवायचे. "उकडलेलंच देता ना?" मान हलवून ते पायरी उतरायचे सुद्धा. मघाशी मला बेटी म्हणणारा माणूस माझ्याकडे बघायचाही नाही.

मला ते लागलं. वाटायचं, आपण शिकवायला लागलो हे त्यांना आवडत नसेल. कधी वाटायचं, आणखी काही असेल, जे आमच्या माणसांच्या मनात लगेच येतं. मग वाटायचं, पेढा तर हातावर ठेवतात. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "म्हातारा माणूस हाय, बोलून थकत असन." पुढच्या शनिवारी परत पेढा, परत गप्पा, परत तसंच. असे किती शनिवार गेले ते मी मोजले नाहीत. पुरावा मात्र मी दर शनिवारी खात होते.

दिवाळी जवळ आली. त्या शनिवारी काकाजी आलेच नाहीत. दुकानात फोन आला, मी घेतला. जामसांवलीला पायरीवरून घसरून त्यांचा पाय मुरगळला होता, आणि बबलीचं परत सुरू झालं होतं. "सुधीर उद्या येऊन राहिला, तिला न्यायला," ते म्हणाले. "औषध पाठवता का कोणासंगं?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मीच आणते, काकाजी."

"ये बेटी. पण एक काम करजो. औषध हातात घेतलं का मंग बोलू नको कोणाशी. बबलीच्या पोटात जाईपर्यंत."

"का?"

"आमच्या घरची रीत हाय. माय पाळायची, आमची मंडळी पाळायची. औषध घेऊन बोललं तर त्याचा गुण रस्त्यातच सांडते."

मी फोन ठेवला. म्हणजे ते माझ्यावर रागावलेले नव्हते. मला इतकं हलकं वाटलं की या रीतीबद्दल विज्ञानाच्या विद्यार्थिनीने काय म्हणायला हवं होतं ते सुचलंच नाही. मी हो म्हणून बसले होते, म्हणून गोळ्यांचा पत्ता आणि पावडरचा पुडा पिशवीत टाकला आणि तोंड मिटलं.

तिगावच्या ऑटोत आमच्या मोहल्ल्यातल्या शांतामावशी आधीच बसलेल्या होत्या.

"कुठी चालली वं?"

मी हसले.

"मी काय विचारून राहिली?"

मी पिशवी वर करून दाखवली.

"तब्येत बरी नाई का?"

मी नाही अशी मान हलवली, मग उलटा अर्थ होईल म्हणून हो अशी हलवली.

शांतामावशी बाकीच्या सवाऱ्यांकडे वळल्या. "कॉलेजात गेली नं. आता आपल्याशी काहून बोलीन."

"दात दुखत असन," ऑटोवाला म्हणाला.

"दात दुखत असन तं थैलीवर कुत्र्याचं चित्र काहून हाय?"

पूर्ण ऑटोने माझ्या पिशवीकडे पाहिलं. शेजारी बसलेले एक गृहस्थ जरा सरकून बसले. मी तिगाव येईपर्यंत बाहेर संत्र्याचे बगीचे पाहत राहिले. उतरताना मावशी म्हणाल्या, "तुझ्या मायले सांगतो मी." त्यांनी ते सांगितलंही. आईला समजावताना मला बबलीच्या पोटापासून सुरुवात करावी लागली, आणि मी कोणाच्या औषधाच्या दुकानात आहे ते त्या दिवशी मोहल्ल्याला कळलं.

काकाजी खाटेवर पाय लांब करून बसले होते. खाटेखालून बबलीने एक डोळा उघडून मला पाहिलं. आमच्या दुकानाची पिशवी तिच्या ओळखीची होती, तिने डोळा मिटला. काकाजींनी हात जोडले, मी जोडले. कोणी बोललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी औषध घेतलं, पत्त्यातून एक गोळी काढली. मग भिंतीवरच्या मारुतीच्या फोटोखालचा स्टीलचा डबा उघडला, एक पेढा काढला, त्याचे दोन भाग केले, मधे गोळी ठेवली आणि बोटांनी दाबून पेढा परत गोल केला. सवयीचा हात होता. बबली खाटेखालून आपणहून बाहेर आली आणि शेपूट हलवत बसली.

मी पाहतच राहिले. रोज दोनदा. इतके महिने. खवा म्हणजे आटवलेलं दूध, वर साखर. पेढ्यात काही वाईट नव्हतं, मी स्वतः खात आले होते. पण पिलूपण संपल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, हे डॉक्टरसाहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. जुलाबाची प्रत्येक गोळी बबलीच्या पोटात जुलाब बरोबर घेऊनच जात होती.

आणि मला बोलायचं नव्हतं. बोलले तर औषध बाद. नाही बोलले तर पेढा पोटात, आणि उद्या सुधीरभाऊ येणार.

"थांबा, काकाजी," मी म्हणाले.

काकाजींचा हात हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी आगगाडीला लाल झेंडी दाखवली आणि रुळावर काहीच नाही.

"गेली," ते म्हणाले. "पुरा पत्ता गेला."

"काकाजी, डॉक्टरसाहेबांनी दूध बंद सांगितलं होतं."

"बंदच हाय. एक थेंब नाई दिला."

"पेढा दुधाचाच असतो ना."

"पेढा दुधाचा असते," काकाजी म्हणाले. "प्रसाद दुधाचा नसते."

याच्यावर माझ्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात काही नव्हतं. माझा आवाज खाली जायला लागला. मारुतीच्या प्रसादाने कुत्रीचं पोट बिघडतं असं मी, आमच्या घरची मुलगी, त्यांच्या घरात, त्यांच्या खाटेजवळ उभी राहून कशी म्हणणार होते? बबली पेढ्याकडे बघत होती. तिच्या गळ्यात पट्टाही नव्हता.

"बबली कधी जामसांवलीला गेली आहे का?" मी विचारलं.

"एकडाव नेली होती. मोटारीत ओकली. कंडक्टरने दोघांनाही उतरवलं."

"म्हणजे दर्शन तुम्ही घेता आणि प्रसाद ती खाते. तुमचा प्रसाद आहे, तुम्ही खा. तिला भातात गोळी द्या. तिने कुठे नवस केलाय?"

काकाजींनी मारुतीकडे पाहिलं, बबलीकडे पाहिलं आणि हातातला पेढा स्वतःच्या तोंडाकडे नेला.

"गोळी आहे त्यात," मी म्हणाले.

त्यांनी पेढा फोडून गोळी काढली, बोटाला लागलेला चुरा चाटला आणि पेढा खाल्ला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "मले वाटे, औषधाले देवाचा हात लागला तं लवकर गुण येईन."

मी डॉक्टरसाहेबांना फोन लावला. त्यांनी फोन दूर धरला असावा, कारण त्यांचं हसणं लांबून आलं. मग म्हणाले, गोळ्या राहू दे, नुसता मऊ भात आणि पावडर, पाणी भरपूर, आणि पेढ्याचा डबा कुलपात.

पावडरचा पुडा पिशवीत होता. पण मी बोलले होते, म्हणून काकाजींच्या हिशेबात तोही बाद होता. "आता काय करावं?" ते खरोखरच हताश होऊन म्हणाले. तेव्हा मी पुडा उचलला, फाटकाबाहेर गेले, वळले आणि तोंड मिटून परत आले. फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं वं?" मी उत्तर दिलं नाही. काकाजींनी पुडा घेतला, भाताच्या गोळ्यात पावडर कालवली, तो मारुतीला दाखवला आणि बबलीपुढे धरला. तिने तो हुंगला आणि डब्याकडे पाहिलं. मग पुन्हा हुंगला. आम्ही दोघंही रीतीप्रमाणे गप्प. तिने खाल्ला, पण उपकार केल्यासारखा.

त्या संध्याकाळी काकाजींनी मुलाला फोन करून आणखी एका आठवड्याची मुदत मागितली. सुधीरभाऊ म्हणाले, पुढचा रविवार, मग नाही.

पुढच्या रविवारी काकाजींनी मला बोलावून घेतलं. "दवाखान्याकडून कोणी पाहिजे," म्हणाले. मी गेले तर गाडी दारात उभी होती. मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावर नवी साखळी. सुधीरभाऊ बोलायला चांगले होते. "ताई, बाबूजी म्हणतात जुलाब थांबले. पण बाबूजी दर वेळेला तेच म्हणतात."

"तं पाह्य तू," काकाजी म्हणाले. "तिची जायची वेळ झाली हाय."

आम्ही सगळे बबलीच्या मागे गल्लीत गेलो. काकाजी काठीवर, सुधीरभाऊ, मी, शेजारच्या काकू, आणि आणखी कोण कोण. बबली नालीकाठच्या गवताशी गेली, गोल फिरली, आणि तिने मागे पाहिलं. इतकी माणसं आपल्याला पाहताहेत हे लक्षात आल्यावर ती उभी राहिली आणि दुसरीकडे बघायला लागली.

"लाजून राहिली," काकू म्हणाल्या.

"तोंडं फिरवा," काकाजींनी फर्मान काढलं.

सगळ्यांनी तोंडं फिरवली. सुधीरभाऊंनीही फिरवली. आम्ही तिगाव स्टेशनकडे तोंड करून एका ओळीत उभे राहिलो. एक मालगाडी गेली, ती संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग मागे पायांनी माती उकरल्याचा आवाज आला.

कोणी वळेना. काकाजींना पाहायचा धीर नव्हता, आणि सुधीरभाऊ बापाच्या आधी वळायला तयार नव्हते.

"बेटी, तू पाह्य," काकाजी हळूच म्हणाले. "तू शिकेल हायस."

मी वळले. गवताशी गेले आणि वाकले. मी नीट पाहिलं, डॉक्टरसाहेबांनी शिकवलं तसं, रंग, आकार, सगळं.

"घट्ट आहे," मी म्हणाले.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"जोरात सांग," काकाजी म्हणाले. ते अजून स्टेशनकडेच बघत होते.

"घट्ट आहे, काकाजी," मी पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "एकदम घट्ट आहे."

सुधीरभाऊ आले, त्यांनीही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मग ते गाडीशी गेले, साखळी उचलून डिकीत टाकली आणि सीटवरच्या प्लास्टिकची घडी घालू लागले. बबली त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

काकाजी आता वळले. त्यांनी आधी बबलीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"चहा घेशीन," ते म्हणाले, "का तसाच जाशीन?"